उत्तर: आर३००० वर एकेक स्टेप बरोबर, सलग चालवलं की चूक

तुम्ही विचारलंय: आर३००० प्रोसेसरच्या बोर्डवर प्रोग्रॅम डीबगरमधून (चुका शोधायच्या टूलमधून) एकेक स्टेप चालवला की बेरीज बरोबर, सलग सोडला की चूक, आणि बोर्डवाले म्हणतात रॅम बदला. हे आम्ही अगदी असंच भोगलंय. रॅम बदलू नका, आधी डिसअसेंब्ली, म्हणजे मशीन कोडची वाचता येईल अशी यादी, काढा.

मिप्स प्रोसेसरांच्या पहिल्या आवृत्तीत, मिप्स १ मध्ये, म्हणजे आर२००० आणि आर३००० वर, लोडच्या (मेमरीतून रजिस्टरमध्ये व्हॅल्यू आणण्याच्या) लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनला नवी व्हॅल्यू मिळत नाही. एलडब्ल्यू या लोड इन्स्ट्रक्शनने टी० हा रजिस्टर भरला आणि पुढच्याच ओळीत टी० मध्ये १ मिळवला, तर तो बहुधा जुन्याच व्हॅल्यूत मिळवला जातो. प्रोसेसर थांबत नाही, एक्सेप्शनही (चूक झाल्याचा इशाराही) येत नाही. सिंगल स्टेपमध्ये दोन्हींच्या मध्ये डीबगरचा हँडलर चालून जातो, तोवर लोड पूर्ण झालेलं असतं.

तुमच्या सी कोडमध्ये मधली जागा भरणारे नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन, आपोआप पडत असतील. संशय घ्या तो बोर्डसोबत आलेल्या तयार लायब्ररीचा. आमच्याकडे स्ट्रिंगची रूटीन्स हातानं लिहिलेल्या असेंब्लीत होती, नंतरच्या आर४००० साठी, वर नोरिऑर्डर (असेंब्लरला कोड जसाच्या तसा ठेवायला सांगणारी सूचना). १९९१ चा आर४००० अशा ठिकाणी स्वतः थांबतो, आर३००० नाही. आणि नोरिऑर्डर असलं की असेंब्लर नॉप घालत नाही.

पुरवठादाराच्या सपोर्टनं मात्र आमचे कित्येक आठवडे खाल्ले. रॅम बदला, पॉवर सप्लाय तपासा, क्लॉक कमी करा. क्लॉक निम्म्यावर आणला तरी चूक तीच, त्याच पत्त्यावर. रॅम ढिली असती तर काहीतरी फरक पडला असता ना? लोड डिले, म्हणजे नवी व्हॅल्यू मिळेपर्यंतची ही वाट, नॅनोसेकंदांत नाही, इन्स्ट्रक्शनमध्ये मोजला जातो. आम्ही डिसअसेंब्लीत ओळ दाखवली, तर उत्तर आलं, ‘लायब्ररी टेस्टेड आहे.’ कुठल्या चिपवर, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. सोर्स तर मागूनही दिला नाही. हार्डवेअरला दोष देणं सोपं पडतं, म्हणून ग्राहकाला असं पळवायचं, याचा मला अजून राग येतो.

यात मिप्सचा दोष मी धरत नाही. १९८१ मध्ये स्टॅनफर्डला मिप्स घडवणाऱ्या जॉन हेनेसींच्या गटानं ही वाट सांभाळण्याचं काम मुद्दाम सॉफ्टवेअरकडे दिलं, आणि तेवढ्या ट्रान्झिस्टरांत ते योग्यच होतं असं माझं मत.



हे सगळं आर३००० आणि त्यावर बेतलेला आर३०५१ यांच्यापुरतं. तुमच्या चिपचं मॅन्युअल बघाच. लायब्ररीत प्रत्येक लोडच्या पुढची ओळ तपासा. तोच रजिस्टर दिसला तर तेवढा तुकडा इथे टाका, मी बघतो.