उतारवयात घराजवळच्या संघात आलेला बेसबॉलपटू खरंच खेळतो, की नुसता निरोपापुरता येतो?

खेळतो, आणि कसा! अमेरिकेतल्या सेंट पॉल या एकाच गावचे तिघे बघा. तिघेही शेजारच्या मिनियापोलिसमध्ये, मिनेसोटा ट्विन्स या संघाकडे आले.

पिचर (चेंडू टाकणारा) जॅक मॉरिस डेट्रॉइटच्या संघाकडे 14 हंगाम काढून 1991 मध्ये आला. वय 36. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा, निर्णायक सामना. ठरलेल्या नऊ इनिंग (डाव) झाल्या तरी 0-0. मॅनेजर टॉम केली त्याला बसवायला निघाले होते, पण हा ऐकेना. दहावी इनिंगही त्यानेच टाकली आणि ट्विन्स 1-0 ने जिंकले. मला विचाराल तर पिचिंगचा याहून मोठा सामना दाखवणं अवघड आहे. (पुढच्याच वर्षी तो टोरंटोला गेला, हेही खरं.)

डेव्ह विनफिल्डने 1993 मध्ये ट्विन्सकडूनच कारकिर्दीतला 3000 वा हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला. पॉल मॉलिटरने 1996 मध्ये. तारीख दोघांचीही 16 सप्टेंबर! मॉलिटरने त्या हंगामात चाळिशी गाठली, तरी 225 हिट मारले. निरोपाला आलेला माणूस एवढं खेळत नाही.