वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधल्या पायवाटा, गायरानं आणि गोचीड

मागच्या अंकात मी वे नदीच्या काठाने केलेल्या एका रविवारच्या वॉकबद्दल थोडंसं लिहिलं होतं, सरे काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), लंडनपासून ट्रेनने अर्ध्या तासावर. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आईवडिलांची. सगळ्यांना एकेकटं उत्तर देणं शक्य नाही म्हणून त्यातले प्रश्न इथे घेतेय.

ताई, मी ६६ वर्षांची, सांगलीची. लेक-जावई वोकिंगला असतात. एप्रिल ते सप्टेंबर तिकडे असेन. मागच्या खेपेला दोघं ऑफिसला गेले की दिवसभर खिडकीत बसायचे, फार कंटाळा आला. गुडघ्यांमुळे चढ जमत नाही पण सपाटीला चार-पाच किलोमीटर चालते. एकटीने जाण्यासारखं काही आहे का? आणि हीथ हीथ म्हणतात ते नेमकं काय?

काकू, तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली, तीही अशीच खिडकीत बसायची आणि मला वाटायचं टीव्ही आहे, पुस्तकं आहेत, बरं चाललंय तिचं. तर सांगते, सरेतलं वोकिंग म्हणजे तुमच्यासाठी अगदी सोन्यासारखी जागा आहे.

पहिले दोन-तीन दिवस फक्त बेसिंगस्टोक कॅनॉलच्या काठाने चाला. स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे, पूर्वी घोडे काठावरून चालत नावा ओढायचे ना, त्यांच्यासाठी केलेली ती वाट, त्याला टोपाथ म्हणतात, त्यामुळे चढ असा नाहीच. पाणी एका बाजूला ठेवायचं, जेवढं गेलात तेवढंच परत यायचं, चुकण्याचा प्रश्नच नाही.

मग हॉर्सेल कॉमन. स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटं चालत. कॉमन म्हणजे साधारण आपलं गायरान समजा, जमिनीचा मालक वेगळा असतो पण गुरं चारायचे, सरपण आणायचे हक्क पूर्वापार आसपासच्या लोकांचे. आणि इथेच तुम्हाला हीथ बघायला मिळेल. रेताड, निकस, आंबट माती, त्यावर गुडघ्याएवढी हेदरची झुडपं आणि मधेमधे गॉर्स नावाची काटेरी पिवळ्या फुलांची जाळी. काकू, ऊन पडलं की त्या गॉर्सच्या फुलांजवळ जाऊन वास घ्या, ओल्या खोबऱ्याचा वास येतो! मी पहिल्यांदा घेतला तेव्हा परत परत घेत राहिले, परदेशात रानात उभं राहून नारळीभाताची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही एप्रिलमध्ये पोचताय म्हणजे गॉर्स भरात असेल, त्याच सुमाराला पानगळीच्या जुन्या रानात ब्लूबेलची निळी-जांभळी फुलं अंथरल्यासारखी येतात, मे संपेपर्यंत ती जातात. हेदरचा जांभळा रंग मात्र ऑगस्टमध्ये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण माझ्या बऱ्याच मैत्रिणींना वाईट वाटलेलं. हीथवर कधीकधी लोक बर्च आणि पाइनची कोवळी झाडं तोडताना दिसतात. ते जंगलतोड करत नसतात. हीथ हे माणसानेच घडवलेलं माळरान आहे, हजारो वर्षांपूर्वी झाडं काढली, मग गुरं चरत राहिली, लोक झुडपं कापून नेत राहिले म्हणून ते उघडं राहिलं, आता चराई थांबली की पन्नासेक वर्षांत तिथे रान माजतं आणि हीथवरचे पक्षी, सरडे सगळे जातात. १८०० साली होतं त्यातलं बहुतेक हीथ इंग्लंडमधून गेलंय. म्हणून ती तोड.

कॉमनच्याच एका कडेला एक बाग आहे, तिथे नक्की थांबा. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलांमध्ये वारलेल्या भारतीय मुस्लिम सैनिकांसाठी १९१७ मध्ये ही दफनभूमी केली होती, पुढे १९६८ मध्ये ती थडगी ब्रुकवुडच्या दफनभूमीत हलवली आणि २०१५ मध्ये इथे पीस गार्डन केलं, २७ सैनिकांची आठवण म्हणून हिमालयातल्या बर्चची २७ झाडं लावलीत. बाहेर कमानीची वीटकामाची भिंत, आत शांतता. (हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झालं, तिथे १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे, तिला इंग्रजीतही छत्रीच म्हणतात. तिथे गाडी जात नाही, चालतच जावं लागतं आणि वाट चढाची आहे, म्हणून जावयांना सोबत घेऊन आणि गुडघे बरे असतील त्या दिवशीच जा.)

आणि रविवारी लेकीला घेऊन पिरफर्ड लॉकला जा, लॉक म्हणजे पाणी अडवून नावा वर-खाली नेणारी दारं. वे नदी १६५३ मध्येच नावांसाठी खुली केली होती, आता तो सगळा काठ नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. लॉकपासून न्यूअर्कच्या बाजूला टोपाथ धरायचा, कुरणं, विलोची झाडं, रंगवलेल्या लांबोळक्या नावा, आणि मग पलीकडे शेतात न्यूअर्क प्रायरीच्या भिंती दिसायला लागतात, बाराव्या शतकातला मठ होता, आठव्या हेन्री राजाच्या काळात बंद झाला, आता नुसत्या उंच भिंती उभ्या आहेत. ती जागा खाजगी आहे, आत जाता येत नाही, पण वाटेवरूनच ती जास्त छान दिसते असं माझं मत. समोरच्या उंचवट्यावर पिरफर्डचं साधारण नऊशे वर्षांपूर्वीचं छोटं चर्च आहे, अंगात जोर असेल तर जा, नसेल तर काठावरच बसा.

एकटीने जायला काही हरकत नाही. फोन चार्ज करून न्या, घरून निघताना लेकीला मेसेज, पोचल्यावर मेसेज. समोरून येणारा माणूस "मॉर्निंग" म्हणतो, आपणही म्हणायचं, आठवड्याभरात चेहरे ओळखीचे होतात.

मी शेतकरी माणूस, बारामतीकडचा. मुलाकडे गिल्डफर्डला गेलो होतो. लोक उभ्या गव्हातनं बिनधास्त चालत होते आणि शेतकरी ट्रॅक्टरवरनं हात करत होता. आपल्याकडं बांधावरनं गेलं तरी कोयते निघतात. हे तिकडं चालतं कसं? मी काय गेलो नाय, भीती वाटली.

दादा, तुम्ही जे बघितलं ती वहिवाट. हाच शब्द. जमीन शेतकऱ्याची, पण त्यावरून चालत जायचा हक्क सगळ्या जगाचा, तुमचा माझा, व्हिसावर आलेल्या पाहुण्याचासुद्धा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. या गावाहून त्या गावाच्या चर्चला, गिरणीला, बाजाराला जायच्या जुन्या वाटा, म्हणजे आपल्या पाणंदी आणि शिवरस्तेच की. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला त्यांचे नकाशे करायला लावले आणि एकदा नकाशावर वाट आली की ती असल्याचा तो पक्का पुरावा. शिवाय लोक वीस वर्षं सलग, कुणाची परवानगी न घेता आणि कुणी न अडवता एखाद्या वाटेने चालत असतील तर ती सार्वजनिक झाली असं धरतात, मालकाने तसा इरादा नव्हता हे दाखवलं नाही तर.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून हे खास सांगते. वाट शेताच्या मधून जात असेल तर नांगरायची मुभा आहे, पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत ती परत चालण्याजोगी करून द्यावी लागते आणि पीक उगवलं तरी किमान एक मीटर रुंदीची वाट मोकळी ठेवावी लागते. तुम्ही बघितलेले लोक गव्हात घुसले नव्हते, ते त्या मीटरभर वाटेवरून एकामागे एक चालत होते. तेच त्यांचं कर्तव्य, वाट सोडायची नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही बरं का, महसूल कायद्याचं कलम १४३ आहे बांधावरून रस्ता मागायला, अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. फरक मला असा वाटतो की तिकडे ती वाट रोज कुणीतरी चालतं. शेजारी शेजाऱ्याला अडवतो तसं तिथे अडवता येत नाही कारण अडवायला गेलं तर अख्खं गाव, चालणाऱ्यांच्या संघटना, काउंटीचा माणूस सगळे दारात येतात. माझ्या माहितीतल्या एका शेतमालकाने वाटेवर कुलूप लावलं होतं, आम्ही काउंटीला फोटोसकट कळवलं आणि पुढच्या महिन्यात तिथे नवीन फाटक होतं.

पुढच्या वेळी जाल तेव्हा वाटेवरचा पिवळा बाण बघा, पिवळा म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा नकाशा मिळतो, एक्सप्लोरर, त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात, मुलाला फोनवर ॲपही घ्यायला सांगा. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं अडकवून ठेवलं असेल तर उघडंच. गायी असतील आणि सोबत वासरं असतील तर लांबून वळसा घाला, मायलेकरांच्या मधून जायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. सोबत मुलाचा कुत्रा असेल आणि गायी अंगावर आल्या तर साखळी सोडून द्यायची, कुत्रा पळतो, माणूस अडकतो.

मे महिन्यात दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टला जातोय, दोन लहान मुलं बरोबर. घोड्यांना गाजरं द्यायला नेऊ का? आणि टिक्सबद्दल खूप ऐकलंय.

गाजरं नेऊ नका, मनाई आहे आणि ती योग्यच आहे. ती मोकळी फिरणारी पोनी, म्हणजे लहान चणीची घोडी, जंगली दिसली तरी प्रत्येकीचा मालक आहे, तिथल्या कॉमनवर चराईचा हक्क असलेली कुटुंबं. खायला मिळतं म्हटल्यावर त्या रस्त्याकडे येतात आणि गाड्यांखाली मरतात, शिवाय चावतात, लाथा मारतात. लांबून बघू दे मुलांना.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून फॉरेस्टमधल्या ब्रॉकनहर्स्टला सरळ ट्रेन आहे, दीड तास. गाडी असेल तर ती ब्युली गावात लावून तिथून बकलर्स हार्डपर्यंत नदीकाठची पायवाट घ्या, साधारण साडेतीन किलोमीटर, रानातून आणि दलदलीच्या कडेने, बराचसा सपाट. शेवटी समोरासमोर विटांच्या घरांच्या दोन रांगा आणि मधून पाण्यापर्यंत उतरत गेलेलं गवत, एवढंच गाव, पण ब्रिटिश नौदलाचा प्रसिद्ध सेनानी नेल्सन, त्याचं ॲगामेम्नॉन जहाज तिथेच बांधलं, १७८१ मध्ये पाण्यात सोडलं. त्यासाठी लागलेला ओक याच फॉरेस्टमधला.

टिक म्हणजे गोचीड, घाबरायचं नाही पण गंभीरपणे घ्यायचं. फर्नमध्ये आणि उंच गवतात असते. मुलांना फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत नीट तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरून सावकाश सरळ वर ओढायची, तेल, तूप, काडीपेटी काही करायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावली होती हे स्पष्ट सांगा, गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगावर लवकर औषध मिळालं की फरक पडतो.

पबमध्ये फक्त चहा प्यायला जाता येतं का? आम्ही दोघी बहिणी, दारू पीत नाही, आत जायला संकोच वाटतो.

बिनधास्त जा. काउंटरवर ऑर्डर द्यायची, तिथेच पैसे द्यायचे, चिखलाचे बूट असतील तर दाराशी विचारायचं. चहा, कॉफी, सूप मिळतं, टॉयलेट मिळतं, आणि गावातल्या बऱ्याच पबचं किचन अडीच-तीनला बंद होतं तेव्हा जेवायचं असेल तर एकच्या आत पोचा.

पक्षी बघायचा नाद आहे. सरेच्या हीथवर जूनमध्ये काय बघू?

दिवसा चंडोल आणि गॉर्सच्या शेंड्यावर डार्टफर्ड वॉर्बलर हा छोटा पक्षी. पण तुम्ही संध्याकाळी जा, थर्स्ली कॉमनला, आणि रातव्यासाठी (इंग्रजीत नाइटजार, रात्री फिरणारा पक्षी) जा. आफ्रिकेतून मे महिन्यात येतो, जमिनीवर घरटं करतो म्हणून मार्च ते जुलै वाट अजिबात सोडायची नाही आणि कुत्रा आखूड साखळीवर. जूनमध्ये सूर्य सव्वानवाला मावळतो, त्यानंतर अर्धा तास पाइनच्या कडेला गप्प उभं राहा. आधी काहीच नसतं, मग लांबून शिवणयंत्र चालल्यासारखी चर्रर्र सुरू होते, मधे श्वासही न घेता मिनिटभर चालते, कधी या बाजूने कधी त्या. टॉर्च परतीच्या वाटेसाठी न्या, त्याच्यावर मारू नका.