रशिया की अमेरिका? आधी तारीख बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. रशिया आपला खरा मित्र की अमेरिका यावरून मैत्रिणीशी अबोला धरलास, आणि आता इंटरव्ह्यूत विचारलं तर काय बोलू म्हणतेस. मी बाजूबिजू सांगणार नाही. आधी तारीख बघ.

१९७१ सगळ्यांनाच पाठ असतं. ९ ऑगस्टला सोव्हिएत करार, डिसेंबरात बंगालच्या उपसागरात अमेरिकेची विमानवाहू नौका एंटरप्राइज, आणि सुरक्षा परिषदेत रशियाचा व्हेटो. खरंय सगळं. पण त्याच जुलैत अमेरिकेचा सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला जाऊन आला होता, आणि १९६९ लाच उसुरी नदीवर चिनी आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, म्हणजे चीनची धास्ती मॉस्कोलाही होती आणि आपल्यालाही. जुळलं!

आता नऊ वर्षं मागे जा. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला तेव्हा मॉस्को क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या भानगडीत अडकलेला, चीनला दुखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून पाचच दिवसांत तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या प्रावदा या वर्तमानपत्राने चीनचा प्रस्ताव मान्य करा असा सूर लावला. आणि शस्त्रं भरून विमानं कोणाची आली? अमेरिकेची! म्हणून म्हणतो, तारीख बघ.

रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचंही तेच. १९९१ ला मॉस्कोशी सौदा झाला, मग सोव्हिएत संघच मोडला, तिजोरीत खडखडाट, १९९३ ला अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, नुसती तयार इंजिनं दिली. आपलं स्वतःचं इंजिन लावून इस्रोचं जीएसएलव्ही रॉकेट नीट उडायला जानेवारी २०१४ उजाडलं.

लोक मला कोरडा म्हणतात. उपकार विसरणारा म्हणतात. याच हट्टापायी जवळची दोन माणसं दुरावली, त्याचं वाईट वाटतं, पण हट्ट सोडणार नाही. व्हेटोचे उपकार मी आजही मानतो गं, पण उपकार मानायला डोळे कशाला मिटायचे?

ऑगस्ट २०२५ ला रशियन तेलावरून ट्रम्पने जादा २५ टक्के टॅरिफ लावलं तेव्हा तूच मला रडकी इमोजी पाठवलीस, 'दगा दिला' म्हणून. दगा कसला? ते तेल आपण २०२२ नंतर एवढं घ्यायला लागलो ते स्वस्त मिळत होतं म्हणून, मैत्रीखातर नाही. तेव्हा तरी तारीख बघायचीस!

असो, चिडलो जरा. आता अमेरिकेशी झालेला २००८ चा अणुकरार घे. तेव्हा चीन कुठे पोचला होता, अमेरिकेला काय हवं होतं, आपल्याला काय हवं होतं, एका पानात लिही आणि रविवारपर्यंत पाठव. मित्र हा शब्द दिसला तर परत पाठवीन.