लूनच्या पायात कडी घालण्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून कसं सामील व्हावं?

तुम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्याकाठी राहता, लून या बुडी मारून मासे पकडणाऱ्या पाणपक्ष्याची तीच जोडी दरवर्षी तिथे येते, आणि शास्त्रज्ञ त्यांच्या पायात कडी घालतात त्या कामात मदत करता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. नक्की करता येईल. मात्र पहिल्याच वर्षी पक्षी हातात धरायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या १९१८ च्या अमेरिकी कायद्यानुसार परवान्याशिवाय लून पकडणं गुन्हा आहे. ज्याच्याकडे केंद्र सरकारचा बँडिंगचा, म्हणजे पक्ष्यांना कडी घालण्याचा, परवाना आहे त्याच्या देखरेखीखालीच हे काम चालतं, आणि बोटीत कोणी काय करायचं हे तोच ठरवतो.

स्वयंसेवकाची खरी गरज दिवसा असते. रात्री बोट पाण्यात उतरवण्याआधी पथकाला कळायला हवं की पिल्लं जगली आहेत का, किती आठवड्यांची झाली आहेत आणि अंधार पडताना सगळं कुटुंब तळ्याच्या कुठल्या भागात असतं. तळ्याकाठी राहणाऱ्याइतकं हे कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून मे महिन्यापासून एक वही ठेवा. पक्षी घरट्यावर बसला ती तारीख लिहा. अंडी साधारण २८ दिवस उबवली जातात. पिल्लू पहिल्यांदा पाण्यात दिसलं ती तारीख सगळ्यांत महत्त्वाची, कारण पकडण्याची रात्र तिच्यावरून ठरते. पाचेक आठवड्यांत पिल्लाचे पाय जवळजवळ पूर्ण वाढतात आणि मोठ्या पक्ष्याचं कडं त्यांना बसतं. त्याआधी घातलं तर ते पायातून निसटू शकतं. फार उशीर केला तरी पंचाईत होते. पिल्लं लहान असताना आईबाप त्यांच्याजवळून हलत नाहीत, आणि पकडण्याची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. म्हणून जुलैची अखेर आणि ऑगस्ट हाच हंगाम.

हे सगळं दुरून पाहायचं. निदान दीडशे फूट अंतर ठेवा. घरट्यावरचा पक्षी मान पाण्यालगत ताणून आडवा पडला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. लगेच मागे फिरा.

भारतात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) शिबिरात चिखल्यांसारखे पाणपक्षी बारीक जाळी लावून पकडताना तुम्ही पाहिलं असेल. लूनला ती युक्ती चालत नाही. घरटं सोडलं तर तो जमिनीवर येतच नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लूनचे अभ्यासक डेव्हिड एव्हर्स यांनी मिशिगनमध्ये रात्री प्रखर दिव्याच्या झोतात पकडण्याची पद्धत बसवली, ती आजही चालते. छोटी मोटरबोट असते. एक जण मोटर सांभाळतो, एक दिवा धरतो आणि एक जण मोठं हातजाळं घेऊन पुढे गुडघ्यांवर बसतो. झोत पक्ष्याच्या डोळ्यांवर असेपर्यंत त्याला दिव्यामागची बोट दिसत नाही. पिल्लांच्या आवाजाची नक्कल करून किंवा ध्वनिमुद्रण वाजवून मोठ्यांना जवळ आणतात.

बहुतेक वेळा फसतं ते दिव्यापाशी. झोत क्षणभर जरी जाळंवाल्याच्या पाठीवर किंवा बोटीच्या कडेवर पडला, तरी पक्ष्याला बोट दिसते आणि तो बुडी मारतो. म्हणून दिवा तुमच्या हाती दिला तर जाळ्याकडे बघत बसू नका, नजर पक्ष्यावर हवी. चांदणं असेल तर बोट तशीही दिसते, त्यामुळे पकडण्याच्या रात्री चंद्राचा हिशोब करून ठरवतात. धुक्यात प्रकाश आपल्याच डोळ्यांवर परत येतो, वाऱ्यात बोट स्थिर राहत नाही, आणि विजा चमकू लागल्या की काम बंद. तेव्हा हातात काही न लागता परतण्याची तयारी ठेवा.

पक्षी जाळ्यात आल्यावर पहिलं काम म्हणजे डोक्यावर टॉवेल. अंधार झाला की तो बराच शांत होतो. पण लूनची चोच सुरीसारखी असते आणि तिचा रोख थेट तोंडावर असतो, त्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पक्ष्याला मऊ गादीवर किंवा मांडीवर ठेवतात, पंख मिटलेले, पाय कडी घालणाऱ्याकडे. हाताला मलम किंवा डासांचं औषध लागलेलं नको. तेलकटपणा पिसांना लागला की तिथून पाणी आत शिरतं.

लूनच्या पायाची नळी गोल नसते, दोन्ही बाजूंनी चपटी असते, म्हणून कडंही तसंच लांबट असतं. साधारणपणे एकेका पायात दोन कडी असतात. एकूण चारांपैकी एक क्रमांक कोरलेलं धातूचं असतं, बाकीची रंगीत प्लास्टिकची; रंगांच्या क्रमावरून पक्षी दुरून ओळखता येतो. प्लास्टिकचं कडं मिटवून चिकटवतात. गोंद पक्का वाळल्यावर ते पायावर वरखाली आणि गोल मोकळं फिरतं का, हे बघायचं. पक्ष्याच्या शरीरात पारा किती साठला आहे हे तपासण्यासाठी रक्त आणि पीसही घेतात.

नव्या माणसाकडे सहसा नोंदींचं काम येतं, आणि त्याला हलकं समजू नका. पक्ष्याला पिशवीत घालून केलेल्या वजनातून पिशवीचं वजन वजा करायचं राहिलं किंवा रक्ताच्या नळीवर चुकीचा क्रमांक पडला, तर सगळ्या रात्रीचे श्रम वाया जातात. काम होताच, जिथे पकडलं त्याच जागी सगळं कुटुंब एकत्र सोडतात.

आता ‘तीच जोडी’बद्दल. कडी नसतील तर ती तीच आहे हे सांगता येत नाही. लूनचे अभ्यासक वॉल्टर पायपर यांचं विस्कॉन्सिनमधल्या ओनायडा काउंटीत १९९३ पासून चाललेलं काम दाखवतं की नवखे पक्षी भांडून जागा बळकावतात, आणि नरांच्या अशा लढती कधीकधी जीवघेण्या ठरतात. कडी वाचली तरच हे कळतं. मिशिगनच्या सेनी अभयारण्यात १९८७ साली पिल्लू असताना कडी घातलेला एक नर तीस वर्षांनंतरही ओळखू आला तो यामुळेच.

कडी वाचायची उत्तम वेळ म्हणजे पक्षी पिसं साफ करत असतो ती. तेव्हा तो कुशीवर कलंडतो, एक पाय पाण्याबाहेर काढून झटकतो आणि पंखाखाली घेतो. तुम्हाला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. ऊन तुमच्या पाठीशी हवं. पक्ष्याचा स्वतःचा डावा-उजवा पाय धरायचा आणि रंग वरून खाली लिहायचे. संध्याकाळी लाल आणि नारिंगी एकसारखे दिसतात, जुना निळा हिरव्यासारखा वाटतो. न दिसलेल्या कड्यापुढे ‘दिसलं नाही’ असंच लिहा. अंदाजाने लिहिलेला एक रंग तुमचा पक्षी दुसराच कोणी ठरवतो.

सुरुवात मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या लून गणनेपासून करा. ती १९९४ पासून चालते. नेमून दिलेल्या तळ्यावर जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी लून मोजायचे असतात. तिथली माणसं तुमच्या भागात कडी घालणाऱ्यांशी गाठ घालून देतील. न्यू हॅम्पशायर किंवा मेनकडे राहणारे कोणी हे वाचत असतील, तर तिकडे अनुक्रमे लून प्रिझर्व्हेशन कमिटी आणि मेन ऑड्युबॉन या संस्था आहेत.

तुमची स्वतःची बोट नेणार असाल तर तळ्यावरून निघताना तळाचं बूच काढून पाणी सोडायचं, लटकलेलं शेवाळ काढायचं. झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) पसरू नयेत म्हणून मिनेसोटात हा कायदाच आहे. आणि कडी घातलेला मेलेला लून सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. फोटो काढा, धातूच्या कड्यावरचा क्रमांक दिसत असेल तर लिहून घ्या आणि विभागाला लगेच कळवा.