मुलाखत चांगली झाली, ‘कळवतो’ म्हणाले, दहा दिवस काहीच नाही. फोन करू का, की ते लाचारीचं दिसेल?

विचारा, पण आधी मेल करा, फोन नंतर. लाचारीचं म्हणाल तर चाकण पट्ट्यातल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी भरतीचं काम बघते, आणि एका मेलवरून कुणाला लाचार ठरवत बसायला आम्हाला सवड नसते.

‘कळवतो’ म्हटल्यावर आत काय चालतं ते आधी सांगते. तुम्हाला फोन करणाऱ्या एचआरच्या हातात निर्णय नसतो. मुलाखत घेतलेल्या मॅनेजरने अभिप्राय भरायचा असतो, आणि तो नेमका ग्राहकाच्या ऑडिटमध्ये अडकलेला असतो. त्याचा होकार आलाच, तर तुमचा पगार बजेटात बसतो का ते बघायचं, मग वरची मंजुरी. मार्च असेल तर ‘आता एप्रिलमध्ये बघू’. शिवाय एक गोष्ट आम्ही तोंडाने कधीच सांगत नाही: बऱ्याचदा तुम्ही दुसऱ्या नंबरवर असता. पहिल्याला ऑफर गेलेली असते, आणि त्याचं हो येईपर्यंत तुम्हाला नाही म्हणून मोकळं होणं आम्हाला परवडत नाही.

म्हणून नुसतं ‘काही अपडेट?’ विचारलंत तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळणार. ते खोटं नसतं, पण तुमच्या उपयोगाचंही नसतं. मला मॅनेजरकडे जसंच्या तसं पाठवता येईल असं काहीतरी द्या. समजा क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत झाली आहे, तर असं:

‘नमस्कार मॅडम, १२ तारखेला क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. वेल्डिंगमधलं रिजेक्शन कसं कमी केलं, असं सरांनी विचारलं होतं. तेव्हा थोडक्यात सांगितलं, म्हणून मुद्दे एका पानावर लिहून जोडले आहेत. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, बायआउट चालतो. पुढचा टप्पा साधारण कधी असेल?’

एवढंच. (बायआउट म्हणजे उरलेल्या नोटीस पिरियडचे पैसे भरून लवकर सुटणं.) मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे पद, तारीख, बायोडेटा सगळं खाली सापडतं. त्या पानात सध्याच्या कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकांची नावं मात्र येऊ देऊ नका. उद्या आमचीही अशीच बाहेर जातील, एवढ्यावरून माणूस नाकारणारे मॅनेजर मी पाहिले आहेत.

चार-पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर खुशाल फोन करा. सोमवारी सकाळी नको, तेव्हा मीटिंगा असतात. व्हॉट्सॲप समोरच्याने आधी वापरलं असेल तरच. आणि कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर आधी त्यांनाच विचारा. तुम्ही रुजू झालात तरच त्यांना पैसे मिळतात, त्यामुळे ते आमच्या मागे तुमच्यापेक्षा जास्त लागतात.

दुसरी ऑफर हातात असेल तर ती कोणत्या तारखेपर्यंत उघडी आहे ते स्पष्ट सांगा. तेवढ्याने अडलेली मंजुरी सुटलेली मी पाहिली आहे. नसलेल्या ऑफरची थाप मात्र मारू नका. आम्ही ‘अभिनंदन, घेऊन टाका’ म्हणतो आणि फाइल बंद करतो.

आता फार थोडे लोक करतात ती गोष्ट. दीड-दोन महिन्यांनी एकदा पुन्हा लिहा. आपल्याकडे नोटीस पिरियड ६० ते ९० दिवसांचे. तेवढ्या काळात ऑफर घेतलेला माणूस आणखी दोन ठिकाणी बोलून येतो, आणि रुजू व्हायच्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो. मग मॅनेजरचा आरडाओरडा, आणि आमची जुन्या यादीकडे धाव. त्या आठवड्यात ‘ती जागा भरली असेल तर हरकत नाही, तशी दुसरी निघाली तर माझा विचार करा’ असा मेल आलेला असला, की पहिला फोन त्यालाच जातो.

सरकारी भरतीला यातलं काही लागू नाही. तिथे यादी संकेतस्थळावर लागते, फोनाफोनीने काही हलत नाही. भरतीचं काम कुठवर आलंय ते जाणून घ्यायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक असतं.

आणि या वाट बघण्याच्या दिवसांत ‘सिलेक्शन झालंय, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा’ असा फोन आला तर पैसे भरू नका. मुलाखतीचं बोलावणं ज्या पत्त्यावरून आलं होतं तिथे आधी विचारून घ्या.