लेस्टरला येण्याआधी मेडिकलच्या ओपीडीत एक वर्ष

नागपुरातून मानसोपचारात एमडी झाल्याबरोबर ब्रिटन गाठावे की काही काळ तिथेच थांबावे, आणि वृद्धांच्या बौद्धिक क्षमतेची प्राथमिक चाचणी विकसित करण्याच्या कामात कसे शिरावे, असे तुम्ही विचारले आहे. मीही मेडिकलचाच, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाच (जीएमसी), माजी विद्यार्थी असून गेली बरीच वर्षे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या तपासणी केंद्रात, काम करतो आहे. माझे मत विचाराल तर वर्षभर थांबा.

परीक्षांचा भाग सरळ आहे. एमआरसीसायकचे (ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची सदस्यत्व परीक्षा) दोन लेखी पेपर आणि कास्क ही प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झालात, तर जीएमसीच्या (आपली मेडिकल चौकातली नव्हे, इथली डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल) नोंदणीसाठी प्लॅब ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत मात्र एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७ गुण लागतात.

थांबायला सांगण्याचे कारण वेगळे आहे. निवासी डॉक्टर असताना १९७५ सालची ती ३० गुणांची एमएमएसई, म्हणजे बौद्धिक क्षमतेची प्राथमिक चाचणी, मी कधीही शाळेत न गेलेल्या एका आजींना लावली होती. तारीख, महिना, साल त्यांना सांगता आले नाही, शंभरातून सात वजा करत जाणे जमले नाही, वाक्य लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता. मी निमूटपणे शून्ये मांडत गेलो. कागद आवरताना त्या सहज म्हणाल्या, "लवकर सोडा बापा, काल मारबत निघाली, उद्या हरतालिका आहे, घरी लई काम पडलं आहे." मारबतीची मिरवणूक निघते तो पोळ्याचा पाडवा काल, हरतालिकेची तृतीया उद्या, म्हणजे आज द्वितीया, हा हिशेब बाईंच्या डोक्यात चोख होता आणि माझ्या कागदावर त्यासाठी जागाच नव्हती. मी स्मरणशक्ती मोजतो आहे असे समजत होतो, प्रत्यक्षात शाळा मोजत होतो.

इथे आल्यावर तोच प्रश्न गुजराती आजी-आजोबांच्या रूपाने पुन्हा समोर आला. एकदा दुभाषा म्हणून बसलेल्या मुलाने वडिलांची तुटक, भरकटलेली उत्तरे इतकी नीटनेटकी करून इंग्रजीत सांगितली की भाषेतला बिघाड मला पुढच्या भेटीपर्यंत कळलाच नाही. तेव्हापासून घरच्या माणसाला मी दुभाषा करत नाही. अशा रुग्णांसाठी सिडनीत तयार झालेली रुडास ही चाचणी मला अधिक उपयोगी वाटते: चहा, तेल, अंडी, साबण असा बाजारहाट लक्षात ठेवणे, हातांच्या हालचालींची नक्कल, रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल हा प्रश्न. ३० पैकी २२ किंवा कमी गुण आले की पुढची तपासणी करायची. तीही परिपूर्ण नाही, कारण घनाकृती काढताना कधी पेन्सिल न धरलेला हात अडखळतोच.

म्हणून वर्षभर ओपीडीतल्या साठीपुढच्या रुग्णांचे गुण मांडताना त्यांचे शिक्षण, व्यवसाय, घरची भाषा आणि दृष्टी-श्रवणाची स्थितीही नोंदवा. मोतीबिंदूमुळे हुकलेले चित्र स्मृतिभ्रंशाच्या खात्यात टाकू नका. आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, नाहीतर त्या नोंदी संशोधनासाठी वापरता येणार नाहीत. आणि प्रत्येक रुग्णाच्या सुनेला किंवा मुलीला विचारा, की चहात साखर दोनदा पडते का, पैशांचा व्यवहार कोण बघते, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे कधीपासून सुरू झाले. चाचणीचे गुण खरे की खोटे हे पडताळून पाहायला घरातल्या माणसाची ही साक्ष लागते, आणि ती मिळवायला वऱ्हाडी कान असलेला डॉक्टर इथल्यापेक्षा तिथे अधिक कामाचा आहे.