किक फाटते, स्विंग लागत नाही

प्रश्न : नुकतंच ड्रम मशीन घेतलं आहे. सोळा स्टेपचा पॅटर्न बसवला. हेडफोनवर बरा वाटतो. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला की किक (बास ड्रमचा ठोका) फाटते. आवाज कमी केला तर फाटत नाही, पण सगळंच निर्जीव वाटतं. स्विंग वाढवूनही फरक कळत नाही. मशीनला डावं आणि उजवं अशी दोनच आउटपुट आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : किकचं आधी उरकू. केबल बहुधा इंटरफेसच्या (मशीनचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्याच्या) माइक इनपुटमध्ये आहे. ड्रम मशीनचा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरदार असतो. लाइन इनपुट वापरा, मशीनचा व्हॉल्यूम चांगला वर ठेवा, इंटरफेसचा गेन (येणारा आवाज वाढवणारं बटण) खाली. सगळ्यात जोराचा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास आला की पुरे. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना लाल दिव्याला खेटून जायची गरज नसते.

निर्जीवपणाचं मूळ मात्र पॅटर्नमध्ये आहे, आणि स्विंगची तक्रार वाचून ते कुठे आहे याचा अंदाज येतो. सोळा स्टेप म्हणजे सोळा मात्रा नव्हेत. चार मात्रा आणि प्रत्येकीचे चार भाग. बहुतेक मशीनवर स्विंग फक्त सम स्टेप, म्हणजे २, ४, ६, ८ वगैरे, उशिरा वाजवतो. नवशिके किक १ आणि ९ वर, स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) ५ आणि १३ वर आणि हायहॅट (झांजांची जोडी) एक सोडून एक असा बसवतात. सगळे ठोके विषम स्टेपवर! मग स्विंगने हलणार काय?

हायहॅट सोळाही स्टेपवर टाका. किक ९ वरून काढून ८ आणि ११ वर ठेवा. आता स्विंग ५८ टक्क्यांवर न्या (५० म्हणजे अजिबात स्विंग नाही). १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांना, एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची असते. ५८ टक्क्यांना सम स्टेप २० मिलिसेकंद उशिरा वाजते. एवढ्याशा फरकाने आठवी किक रेलून वाजायला लागते, आणि ते ऐकताना मला आजही आनंद होतो. नंतर हायहॅटचा जोर बदला : मात्रेवर १००, मधल्या विषम स्टेपवर ८०, सम स्टेपवर ५५. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्ये अॅक्सेंटची, म्हणजे ठोक्याला जोर देण्याची, एकच ओळ होती आणि ती त्या स्टेपवरच्या सगळ्या वाद्यांना एकदम लागायची. तुमच्या मशीनवर प्रत्येक ठोक्याला वेगळा जोर देता येत असेल, तर ती सोय वाया घालवू नका.

आता रेकॉर्डिंग. ८०८ ला जवळजवळ प्रत्येक वाद्याचं वेगळं आउटपुट होतं. तुमच्याकडे दोनच आहेत, तरीही किक वेगळी घ्याच, हा माझा आग्रह आहे. एकाच ट्रॅकवर सगळं आलं, तर किकचा खर्ज वाढवताना स्नेअरही फुगतो. पॅनिंगने (आवाज डाव्या-उजव्या बाजूला वळवणाऱ्या सोयीने) किक पूर्ण डावीकडे आणि बाकी सगळं पूर्ण उजवीकडे पाठवा : एका फेरीत दोन मोनो ट्रॅक मिळतात. स्नेअर आणि हायहॅटही वेगळे हवे असतील तर एकेक चालू ठेवून आणि बाकीचं म्यूट करून पुन्हा फेऱ्या घ्या. त्यासाठी मशीन कॉम्प्युटरच्या मिडी क्लॉकवर (कॉम्प्युटरने केबलमधून पाठवलेल्या तालाच्या इशाऱ्यावर) चालवा, नाहीतर दोन फेऱ्या हळूहळू एकमेकींपासून सरकतात. मशीनमधला रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा परिणाम) आधी बंद करा. तो नंतर कधीही घालता येतो, रेकॉर्ड झालेला काढता येत नाही.

एक बार (सोळा स्टेपची एक फेरी) रेकॉर्ड करून कॉपी-पेस्ट करू नका, असंही सांगेन. तीन-चार मिनिटं सलग चालू द्या आणि चालू असतानाच हायहॅटचा डिके (आवाज किती वेळ रेंगाळतो ते ठरवणारं बटण) हाताने फिरवा; लांबी बदलत गेली की कान टिकून राहतो. आणि रेकॉर्डला हात लावण्याआधी पॅटर्न सेव्ह करा. काही मशीनवर सेव्ह न केलेला पॅटर्न वीज गेली की पुसला जातो.